समोर सासरे बसलेले असताना सभेत बोलणं: एका वहिनींची केस

ही केस लिहून काढायची असं बरेच दिवस डोक्यात होतं. बचत गटातल्या बायकांसाठी 'सभेत कसं बोलायचं' यावर मी सेशन्स घेते, आठेक वर्षं झाली, आणि या एका बाईंमुळे मला माझं सेशन जवळपास पहिल्यापासून नव्याने बांधावं लागलं, म्हणून काय झालं ते क्रमाने आणि माझ्या चुकांसकट लिहितेय. गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. नाव देत नाही. बाईंचंही देत नाही, वस्तीवरची निम्मी पोरं त्यांना वहिनी म्हणतात तर मी पण वहिनीच लिहिते. वय तेव्हा चौतीस, शिक्षण दहावी, नवरा गलाईच्या धंद्यात. माण-खटाव, आटपाडी, खानापूर या भागातले लोक सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पांगलेत, तसे हे तमिळनाडूत, यात्रेला आणि दिवाळीला घरी येणार. म्हणजे घरात सासू, सासरे, वहिनी आणि दोन मुलं, एकूण पाच माणसं आणि एक म्हैस.

प्रश्न पाण्याचा होता. माण म्हणजे पर्जन्यछायेतला तालुका, पाऊस मुळातच कमी, आणि २०२३ चा ऑगस्ट तर देशातच १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, त्यामुळे विहिरी पावसाळ्यातच तळाला. २०१९ ला जल जीवन मिशन आलं, घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचं उद्दिष्ट, त्यात वस्तीवरही नळ बसले. पण गावठाण खाली आणि वस्ती माळावर. टाकीतून एकाच वेळी सगळीकडे पाणी सोडलं की ते उताराने खालच्या गल्ल्यांमध्ये आधी धावतं, त्यात खालची बरीच घरं नळाला डायरेक्ट मोटर लावून ओढून घेतात, आणि वस्ती पाइपलाइनच्या टोकाला, तिथं पोचेपर्यंत प्रेशरच उरत नाही. चार दिवसांतून एकदा वीसेक मिनिटं करंगळीएवढी धार. बाकी दिवस बायका दीड किलोमीटरवरच्या एका विहिरीवर.

हे सगळं गटाच्या मीटिंगमध्ये वहिनी फार चांगलं सांगायच्या. मुद्देसूद, आवाज न चढवता, आकडे तोंडपाठ. म्हणून मीच म्हणाले की हे ग्रामसभेत बोला. मतदार यादीत नाव आहे म्हणजे तुम्ही ग्रामसभेच्या सदस्य आहात, कुणाची परवानगी लागत नाही, वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात, १५ ऑगस्टची जवळ आलीये, त्यात उभं राहायचं. गटातल्या बाकीच्यांनी पण उचलून धरलं. वहिनी हो म्हणाल्या, आणि मी तीन सेशन्स घेतली.

त्या सेशन्समध्ये मी जे शिकवलं ते मी सगळीकडे तेच शिकवायचे. आरशासमोर उभं राहून बोला. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. लोकांच्या डोळ्यात बघून बोला, खाली बघू नका. समोर सगळी आपली घरचीच माणसं बसलीत असं समजा म्हणजे भीती जाते. आणि गांधीजींची गोष्ट, ती मी नेहमी सांगते, की लंडनला शाकाहारी मंडळाच्या बैठकीत ते लिहून नेलेलं सुद्धा स्वतः वाचू शकले नाहीत, दुसऱ्याला वाचायला लागलं, आणि परत आल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच केसमध्ये साक्षीदाराला प्रश्न विचारायला उभे राहिले तर डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना, खाली बसले आणि तीस रुपये फी परत केली. असा माणूस पुढे काय बोलला ते जगाने ऐकलं, तर तुम्ही का नाही. बायकांना ही गोष्ट आवडते, वहिनींनाही आवडली असं मला वाटलं होतं.

१५ ऑगस्टला काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. झेंडावंदन झालं, शाळेतल्या पोरांना गोळ्या वाटल्या, आणि मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सभा सुरू झाली. पुढे टेबल, त्याच्यामागे सरपंचबाई, ग्रामसेवक आणि मधल्या खुर्चीवर सरपंचबाईंचे मिस्टर, माईक त्यांच्याच हातात. मंडपात सतरंजीवर पुरुष. बायका बाहेर पायरीवर, जिथं चपला काढतात तिथं, वीस-बावीस जणी. कोरमला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी ते लागतं, तेवढे होते की नाही मी मोजले नाहीत.

'आणखी कुणाला काही बोलायचंय का' असं विचारल्यावर वहिनी उठल्या. माईक पुढे होता म्हणून त्यांना सगळ्या पुरुषांच्या मधून वाट काढत जावं लागलं, पदर सावरत, अंग चोरत, कुणी पाय आखडून घेतले, कुणी नाही. माईक हातात घेतला, तो कुई करून वाजला. 'नमस्कार, मी' एवढं म्हणाल्या आणि तो आवाज देवळावरच्या भोंग्यातून अख्ख्या गावावर गेला, तसं त्यांनी दचकून वर बघितलं. मग मी शिकवल्याप्रमाणे समोरच्यांच्या डोळ्यात बघायचा प्रयत्न केला. समोर पहिल्या रांगेत त्यांचे सासरे होते. नजरानजर झाली आणि सासऱ्यांनी मान खाली घातली. रागावून नाही बरं का, ते नुसते खाली बघायला लागले. आणि वहिनींचा आवाज गेला, म्हणजे ओठ हलत होते पण आवाज नाही. सात-आठ सेकंद असतील. मागून कुणीतरी 'बोला की वहिनी' म्हणालं, दोघं-तिघं हसले, आणि सरपंचबाईंच्या मिस्टरांनी तसं समजूतदारपणेच माईक काढून घेतला, 'राहू द्या, लेखी द्या तुम्ही.' परत त्याच वाटेने त्या पायरीवर आल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ ओली होती.

नंतरच्या दोन मीटिंगना त्या आल्या नाहीत. हप्ता मुलाच्या हाती पाठवला. तिसऱ्या वेळी मी स्वतःच वस्तीवर गेले. त्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या, मी पण चार पाकळ्या घेतल्या आणि बसले. मला धीर द्यायचा होता, म्हटलं वहिनी, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. तर त्या म्हणाल्या,

"ताई, तुम्ही म्हनला समोरची मानसं घरचीच हायती असं समजा. आवं, ती घरचीच हायती. तेच तर भ्या हाय."

मी गप्प. थोड्या वेळाने परत,

"गांधीजी बुजलं ते समद्या परक्या मानसांना. तिथं त्यांचं सासरं बसलं न्हवतं."

आठ वर्षं मी हे शिकवत होते आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, किंवा मी विचारलीच नव्हती. त्या दिवशी मग मी काही शिकवलं नाही, नुसतं विचारलं की मंडपात कोण कोण बसलं होतं. त्यांनी बोटांवर मोजलं. सासरे. दोन चुलत सासरे. थोरले भाऊजी. नात्यातले आणखी सहा-सात. आणि चुलत दीर, जो ग्रामपंचायतीकडून पाणी सोडायचं काम करतो, व्हॉल्व्ह त्याच्याच हातात, आणि त्याची बायको आमच्याच गटात. यातल्या मोठ्या माणसांसमोर वहिनी डोक्यावर पदर घेतात, ते ओट्यावर आले की आत जातात, त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत. सासऱ्यांशी बोलायचं तर पोराला मध्ये घालून, 'आजोबांना सांग जेवायला चला.' लग्नाला तेरा वर्षं झाली, थोरल्या भाऊजींशी एक अख्खं वाक्य सरळ बोलल्याचं त्यांना आठवेना.

आता याच माणसांच्या 'डोळ्यात बघून' बोला असं मी त्यांना सांगितलं होतं. मला ते कॉन्फिडन्स वाटत होतं आणि तिथं त्याचा अर्थ उद्धटपणा होता, आणि हे वहिनींना माहीत होतं, सासऱ्यांना माहीत होतं, मंडपातल्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त मला नाही. सासऱ्यांनी मान खाली घातली ती सुनेची नजर टाळायला, म्हणजे त्यांच्या रीतीने त्यांनी तिची अब्रूच राखली असं वहिनींचं म्हणणं, पण तिथंच त्यांचे पाय गळले.

भीतीने अंगात काय होतं ते सगळ्यांचं सारखंच असतं. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, काळीज धडधडतं, श्वास वरच्यावर चालतो, तोंड कोरडं पडतं, गळ्याचे स्नायू आवळतात आणि आवाज एकतर कापतो किंवा फुटतच नाही. पण ती भीती कशाची हे प्रत्येकाचं वेगळं. शहरातल्या पोराला प्रेझेंटेशन देताना लोक हसतील याची भीती असते, आणि लोक घरी गेले की ती संपते. वहिनींना त्याच लोकांसोबत घरी जायचं होतं. रात्री त्यांनाच भाकरी वाढायची होती. स्टेजची प्रॅक्टिस करून हे जाणार नव्हतं कारण स्टेज हा प्रश्नच नव्हता.

मग आम्ही काय केलं. पहिली गोष्ट वहीची, आणि ती माझी कल्पना नाही, त्यांचीच. १७ ऑगस्टपासूनच त्यांनी मुलाच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहायला सुरुवात केली होती, बोलता आलं नाही तर निदान लिहून ठेवू म्हणून. तारीख, पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हंडे किती. मी फक्त एवढंच केलं की तेलाचा पाच लिटरचा कॅन आणला आणि त्यांचा हंडा मोजला, तीन कॅन बसले, म्हणजे १५ लिटर. हे महत्त्वाचं होतं, कारण हंडा म्हटलं की सभेत पहिला प्रश्न 'केवढा हंडा' हाच आला असता. ३० सप्टेंबरपर्यंत ४५ दिवसांची नोंद झाली. पाणी ११ वेळा. सगळ्यात कमी १४ मिनिटं, सगळ्यात जास्त ३५. एकूण हंडे २४३. गुणाकार-भागाकार त्यांच्या मुलीने केला, सातवीतल्या, माणशी रोज १६ लिटर. उद्दिष्ट ५५ चं. आणि यात म्हैस धरलेलीच नाही, एक म्हैस उन्हाच्या दिवसात पन्नास लिटर सहज पिते.

या वहीने पाण्याचा पुरावा मिळाला हे तर झालंच पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी झाली की त्यांना नजर ठेवायला जागा मिळाली. वहीत बघून बोलायचं. कुणाच्या डोळ्यात बघायचं नाही, आणि खाली बघतेय म्हणजे घाबरतेय असंही दिसत नाही, वाचतेय असं दिसतं. मी माझ्या सेशनमधून 'डोळ्यात बघा' हे त्या दिवसापासून काढून टाकलं.

दुसरी गोष्ट आवाज. मी म्हणायचे आवाज बारीक आहे, मोठा करा. एके संध्याकाळी मी वस्तीवरच होते आणि म्हैस पार ओढ्यापलीकडे गेली, तर वहिनींनी ओट्यावरून मुलाला हाळी दिली, अशी की पलीकडच्या माळावरनं पोराने ओ दिली. मी म्हटलं हाच आवाज. माईक नको, पुढे जायला नको, जिथं बसलाय तिथंच पायरीवर उभं राहा आणि पहिलं वाक्य हाळीच्या आवाजात. हाळी द्यायला पोटातून श्वास घ्यावा लागतो आणि तो लांब सोडावा लागतो, श्वासाच्या व्यायामात मी जे अर्धा तास शिकवायचे ते त्यांच्या अंगात आधीच होतं. पहिलं वाक्य निघालं की पुढची सोपी जातात, धडधड पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातच सगळ्यात जास्त असते, म्हणून आम्ही पहिलं वाक्य एवढं घोटलं की झोपेत उठवलं तरी येईल. ते वाक्य म्हणजे त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव आणि वस्तीचं नाव, बस. अमक्याची सून नाही, अमक्याची बायको नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड होती आणि तिच्यावर आमचे बरेच दिवस गेले. पाण्याचं बोलायचं म्हणजे व्हॉल्व्हवाल्या दिराचं बोलायचं, आणि मोटरींचं बोलायचं म्हणजे मंडपात बसलेल्या निम्म्या घरांचं बोलायचं, ज्यात थोरल्या चुलत सासऱ्यांचं घर पण आलं. भावकीत एकदा नाव घेतलं की ते दहा वर्षं विसरलं जात नाही, हे मला सांगायला नको. गटात यावर भांडण होता होता राहिलं, दिराची बायको तिथंच बसलेली, ती म्हणाली माझा नवरा काय पाणी पितो का सगळं, तो सांगितलं तेवढंच करतो. आणि खरं सांगायचं तर तिचंही बरोबर होतं, सगळे व्हॉल्व्ह एकाच वेळी सोडायचे हे त्याने ठरवलेलं नव्हतं. त्यावर वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "व्हॉल्व्ह कुनाच्या हातात हाय ते म्या बोलायचीच न्हाई. किती येळ उघडा ऱ्हातो ते बोलायचं." आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. त्या एका वाक्यात आठवड्याचा गुंता सुटला. माणूस बाजूला आणि मिनिटं पुढे. मला वाटतं धाडस म्हणून जे काही होतं ते त्यांना त्या वाक्यापासून यायला लागलं, कारण आता त्यांच्याकडे असं बोलणं होतं जे सासऱ्यांसमोर बोलता येईल आणि तरी खरं असेल.

आणि चौथी गोष्ट त्यांनी मला न विचारता केली. सभेच्या तीन दिवस आधी, पितृपंधरवडा नुकताच लागलेला, रात्री सासऱ्यांना वाढताना पोराला मध्ये न घालता सरळ सांगितलं, "मामा, सोमवारी म्या सभंत पान्याचं बोलनार हाय. कुनाचं नाव घेनार न्हाई." सासरे जेवत राहिले. मग म्हणाले, "मोटरीचं काढशील तर थोरल्या घरला बी हाय मोटर." "ठावं हाय," वहिनी म्हणाल्या. पुढे काय म्हणाले विचारलं तर वहिनी म्हणे, भाकरी मागितली आनि काय. हे मला त्यांनी दुसऱ्या दिवशी असं सांगितलं जसं दळण आणल्याचं सांगतात, पण तेरा वर्षांनी बोललेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं आणि माझ्या हिशेबात त्यांचं भाषण त्या रात्रीच झालं, सोमवारी फक्त लोकांनी ऐकलं.

आता महिला सभेबद्दल, कारण तिच्याशिवाय हे झालं नसतं. नियम असा आहे की प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, रजिस्टर घरोघर फिरतं, बायका चुलीपाशी सही करतात, सभा झाली. इथंही तसंच चालत होतं. या वेळी गटाने ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज दिला की १ ऑक्टोबरला सभा खरोखर घ्या, आणि अर्जाची पोच घेतली, सही-शिक्का-तारखेसह. पोच हातात असली की माणूस जरा वेगळाच चालतो, मी हे खूपदा बघितलंय. सभा अंगणवाडीत झाली, चाळीसेक जणी आल्या. सरपंचबाईंचे मिस्टर दारात आले होते, त्यांना गटाच्या अध्यक्षांनी नम्रपणे सांगितलं की भाऊ, आज बायकांचीच आहे, ते गेले. आणि मग सरपंचबाई बोलल्या. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत, या बाई त्याच आरक्षणातून आलेल्या, अडीच वर्षं टेबलामागे बसत होत्या आणि मी त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी वहिनींची वही मागून घेतली, पानं उलटली, आणि ग्रामसेवकांना म्हणाल्या, हे प्रोसिडिंगला घ्या. दिराच्या बायकोने पण सही केली. कुणाकडे न बघता केली, पण केली.

२ ऑक्टोबर, सोमवार. महिला सभेतला विषय ग्रामसेवकांनी वाचून दाखवला, त्यामुळे वहिनींना शून्यातून सुरुवात करायची नव्हती, विषय आधीच टेबलावर होता. मी पायऱ्यांच्या खाली उभी होते, यावेळी मुद्दाम लांब. सासरे पहिल्या रांगेत नव्हते. शोधलं तर मागच्या खांबाला टेकून बसलेले दिसले, पायरीवर उभं राहिलेल्या माणसाला ते दिसणारच नाहीत अशा जागी. मुद्दाम का, ते मी कधी विचारलं नाही.

वहिनी पायरीवरच उभ्या राहिल्या. नाव आणि वस्ती, हाळीच्या आवाजात. मंडपातली कुजबुज थांबली, दोन-तीन जण वळून बसले, म्हणजे त्या पुढे गेल्या नाहीत, सभाच त्यांच्याकडे वळली. मग वहीत बघून तारखा वाचायला लागल्या. सतरा ऑगस्ट, सकाळी सात दहा ते सात तीस, एकवीस हंडे. एकवीस ऑगस्ट. पंचवीस. वाचताना एके ठिकाणी ओळ चुकली आणि अडकल्या, माझा श्वास अडकला, तर शेजारची बाई खालूनच म्हणाली, "नऊ तारीख, वहिनी," कारण तोपर्यंत वस्तीवर आणखी चौघी वही लिहायला लागल्या होत्या आणि ती तारीख तिलाही पाठ होती. पुढे वाचलं. शेवटी २४३ हंडे, पाच माणसं, ४५ दिवस, माणशी सोळा लिटर, आणि मिशनमध्ये लिहिलंय पंचावन्न.

मग एकजण जे मी धरूनच चालले होते ते बोललाच, "पाणी सोडणारा तुमच्याच घरचा हाय की, त्याला विचारा." हशा झाला. वहिनींनी वहीतून मान वर केली नाही. "व्हॉल्व्ह कुनाच्या हातात हाय ते म्या बोलत न्हाई. किती येळ उघडा ऱ्हातो ते बोलते. आनि उघडा असतो तवा पानी कुठं जातं ते समद्यांना ठावं हाय." शेवटचं वाक्य ठरलेलं नव्हतं. मोटर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही आणि मंडपात एकानेही विचारलं नाही की म्हणजे कुठं जातं. पूर्ण बोलणं चार मिनिटांच्या आतबाहेर झालं असेल. बसल्यावर त्यांचे हात एवढे कापत होते की वही शेजारणीने धरली, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण भीती गेली आणि मग त्या बोलल्या असं झालेलं नाही, भीती सगळा वेळ तिथंच होती.

ठराव झाला. वस्तीचा व्हॉल्व्ह वेगळ्या वेळी, एक दिवसाआड पहाटे साडेपाचला, गावठाणाच्या आधी, ४० मिनिटं. मोटर सापडली तर आधी समज, मग कनेक्शन बंद. ठरावाची नक्कल गटाने मागून घेतली.

महिनाभर छान चाललं, मग डिसेंबरमध्ये पुन्हा ढिलं पडलं, रात्रीच्या मोटरी सुरू झाल्या, वेळ चुकायला लागली. २६ जानेवारीला वहिनी परत उभ्या राहिल्या, यावेळी मी नव्हतेच, माझं दुसऱ्या गावाला काम होतं. आणखी दोघी बोलल्या असं कळलं. एका घराचं कनेक्शन आठ दिवस बंद केलं आणि मग बाकीच्यांनी मोटरी काढल्या. आता एक दिवसाआड नाही, पण दर तीन दिवसांतून एकदा ३८-४० हंडे होतात, हिशेब केला तर माणशी ३९ लिटरच्या आसपास. ५५ नाही. पण १६ पण नाही.

किंमत पण मोजावी लागली, ती लिहिली नाही तर केस अर्धवट राहील. थोरल्या चुलत सासऱ्यांच्या घरून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी आलं नाही. दिराची बायको गटात येते, हप्ता भरते, पण वहिनींच्या शेजारी बसत नाही, आधी बसायची. वहिनींना याचं फार लागलंय, त्या दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या, पहिली काही वर्षं धुणं एकत्र न्यायच्या. मी यावर काही उपाय सुचवला नाही कारण माझ्याकडे नाही.

वही चालू आहे, दुसरी वही आहे ती, यावेळी विकत आणलेली. मागच्या वेळी मी गेले तेव्हा पाणी नुकतंच येऊन गेलेलं, सासरे ओट्यावर बसले होते आणि त्यांनी आत बघून विचारलं, "किती झालं गं?" वहिनी आतून सांगत नाहीत आता. दारात आल्या, पदर डोक्यावर तसाच, हात पुसत म्हणाल्या, "एकोनचाळीस, मामा."